मॅट की ग्लॉसी? दातिवऱ्याच्या उजेडात टॅबची परीक्षा

लग्नाचा अल्बम छापायला दिला की फोटोवाला एक प्रश्न हमखास विचारतो, ‘मॅट करू की ग्लॉसी?’ मग घरात दोन गट पडतात. आईला चकचकीत हवा असतो, कारण शालूचा रंग उठून दिसतो. ताईला मॅट हवा असतो, कारण बोटांचे ठसे उमटत नाहीत आणि हॉलमधल्या ट्यूबखाली अल्बम उघडला तरी सगळ्यांना चेहरे दिसतात. जो पैसे देणार असतो तो ‘काहीही करा’ म्हणून मोकळा होतो.

टॅब घ्यायला गेलात की आता हाच प्रश्न तुमच्यासमोर येतो. फरक एवढाच, की अल्बम वर्षातून दोनदा कपाटातून बाहेर निघतो आणि टॅबकडे तुम्ही रोज चार-पाच तास डोळे लावून बसता. अल्बमचे पैसे लग्नाच्या खर्चात खपून जातात. टॅबचे वीस-पंचवीस हजार मात्र कुणाच्या तरी पगारातून, मासळीच्या नाहीतर भाजीच्या पैशांतून दर महिन्याला हप्त्याने जात राहतात. एकदा घेतला की डिग्री संपेपर्यंत तोच. म्हणून रॅम किती, स्टोरेज किती, हे विचारून झालं की आणखी एक विचारा. मी जिथे बसून वाचणार आहे, तिथे ही स्क्रीन दिसेल का?

यूट्यूबवरचे रिव्ह्यू इथे कमी पडतात. ते पडदे ओढलेल्या खोलीत, मोजूनमापून लाइट लावून शूट केलेले असतात. तुमचा दिवस तसा नाही. तुम्ही दातिवऱ्याहून, एडवणहून नाहीतर कोऱ्याहून सकाळी एसटीने सफाळ्याला येता. तिथून कुणी पालघरच्या दांडेकर कॉलेजला जातं, कुणी बोईसरला, कुणी थेट मुंबईकडे. २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली आणि आपल्या पट्ट्यातल्या पोरांची अभ्यासिका चाकांवर गेली. विरारकडे जाताना गाडी वैतरणा खाडीच्या पुलावर आली की दोन्ही बाजूंनी पाणी चमकतं आणि स्क्रीनवर इकॉनॉमिक्सच्या नोट्सच्या जागी स्वतःचं नाक दिसायला लागतं. घरी ओटीवर बसावं तर समोर लख्ख अंगण. आत बसावं तर डोक्यावर ट्यूब.

काहींना तर निवडायची संधीच नसते. ‘महाज्योती’कडून ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या दहावी झालेल्या मुलामुलींना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब मोफत मिळतात. त्यात मॅट हवा की ग्लॉसी, असं कुणी विचारत नाही. जो मिळेल त्यावर दोन वर्षं अभ्यास करायचा. तुमच्याकडे असा टॅब असेल, तर पुढचा स्क्रीन गार्डचा भाग मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

‘सर, फळा चमकतोय!’

हे वाक्य शाळेत कधी ओरडला नाहीत असं होणारच नाही. कडेच्या बाकांवर बसलेल्यांना फळ्याचा एक कोपरा पांढरा दिसायचा आणि नेमकं तिथेच सरांनी समीकरण लिहिलेलं असायचं. फळा नवा, खरखरीत असेपर्यंत ही भानगड नसते. वर्षानुवर्षं डस्टर फिरून फिरून तो गुळगुळीत झाला, की खिडकीचा उजेड त्यावरून सरळ तुमच्या डोळ्यात येतो. मग सुट्टीत शाळा त्याला पुन्हा काळा रंग देते आणि तो परत ‘मॅट’ होतो. टॅबच्या स्क्रीनचं भांडणही इतकंच आहे. बाकीचं सगळं मार्केटिंग.

आणखी चांगलं उदाहरण हवं असेल तर दातिवऱ्याच्या खाडीवर या. वैतरणा इथे समुद्राला मिळते, पलीकडे अर्नाळा. भरती पूर्ण होऊन वारा पडला की पाणी आरशासारखं होतं. होडी उलटी दिसते, तिच्यावरचा झेंडाही उलटा, नंबरही वाचता येतो. मग वाऱ्याची एक झुळूक येते, पाण्यावर बारीक लहरी उठतात आणि ती उलटी होडी मोडते. पाण्यावर पडणारा उजेड तेवढाच आहे. फक्त आधी तो एका दिशेने, शिस्तीत परत येत होता, आता दहा दिशांना विखुरला.

गुळगुळीत काच म्हणजे वारा पडलेली खाडी. मॅट काच म्हणजे झुळूक आलेली. मॅट काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे चढउतार मुद्दाम केलेले असतात. कधी आम्लाने काच कोरून, कधी वर सिलिकाचा बारीक थर फवारून. स्क्रीन गार्डच्या प्लास्टिक फिल्ममध्ये हेच काम पृष्ठभागावरचे सूक्ष्म कण करतात. तिघांचा उद्देश एकच, तुमच्या मागच्या ट्यूबची रेघ मोडायची. लक्षात घ्या, मोडायची. पुसायची नव्हे. जो उजेड आधी एका रेघेत होता तो आता पानभर पातळ पसरतो. दुकानदार ‘अँटी-ग्लेअर आहे, रिफ्लेक्शन येतच नाही’ म्हणतो, तेव्हा तो अर्धंच सांगत असतो.

थोडं गणित करू, घाबरू नका. साध्या काचेवर उजेड समोरून पडला की त्यातला सुमारे ४ टक्के परत फिरतो. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५ असतो, त्यावरून हा आकडा येतो. स्क्रीनची उजळता ‘निट्स’मध्ये मोजतात. मध्यम किमतीचे बरेच टॅब ४०० निट्सच्या आसपास असतात. घरातली साधी भिंत १०० निट्स धरली तर तिचं प्रतिबिंब होतं ४ निट्सचं. ४०० समोर ४, काही त्रास नाही. आता बाहेर या. उजळ आकाश ५,००० निट्सचं धरू, दुपारी त्याहूनही जास्त असतं. त्याचे ४ टक्के म्हणजे २००. आता स्क्रीनवरचा पांढरा भाग ४०० अधिक २०० म्हणजे ६०० आणि ‘काळा’ भाग शून्य अधिक २०० म्हणजे २००. घरात शंभराला एक असलेला काळ्या-पांढऱ्यातला फरक बाहेर आल्यावर तिनाला एक उरला. अक्षरं तिथेच आहेत, पण ती राखाडीवर राखाडी झालीत. डोळे बारीक करून वाचावं लागतं ते यामुळे.

यातून एक फुकटची युक्ती निघते. बाहेर वाचताना डार्क मोड बंद करा. प्रतिबिंबाची भर काळ्या भागातच जास्त जाणवते. रात्री डोळ्यांना बरा वाटणारा काळा पडदा दुपारी नुसता आरसा होतो.

कोनाचाही हिशेब आहे. टॅब टेबलावर आडवा ठेवून तिरक्या नजरेने वाचलात तर परत फिरणारा उजेड वाढतो. ६० अंशांवर तो ४ वरून जवळजवळ ९ टक्क्यांवर जातो. संध्याकाळी किनाऱ्यावरून लांबवर बघताना समुद्र पायाजवळच्या पाण्यापेक्षा जास्त चमकतो, त्यामागेही हेच आहे. तेव्हा टॅबला स्टँड घ्या. स्टँड नसेल तर दोन पुस्तकं टेकवा, चालतंय.

एक दिवस, दोन टॅब

वाचलेलं खरं आहे का ते बघायला मी एकाच मॉडेलचे दहा इंची दोन टॅब घेऊन एक रविवार दातिवऱ्यात काढला. एक उघडा, चकचकीत. दुसऱ्यावर मॅट गार्ड. दोघांवर एकच पीडीएफ, स्पर्धा परीक्षेच्या एका मराठी पुस्तकाचं स्कॅन. तेही झेरॉक्सवरून स्कॅन केलेलं, म्हणजे तुम्ही वाचता तसंच.

सकाळी ओटीवर, अंगणाकडे पाठ करून बसल्यावर चकचकीत टॅबमध्ये अख्खं अंगण दिसत होतं, तुळशीवृंदावनासकट. मॅटमध्ये तुळस गायब, पण पान किंचित धुवट. वाचायला मॅट बरा. मग मी जागा बदलून अंगणाकडे तोंड केलं आणि पाठीमागे घराचा काळोख घेतला. आता चकचकीत टॅब जास्त स्वच्छ दिसायला लागला. प्रतिबिंबात आता काळोखच होता, आणि काळोखाने काहीच बिघडत नाही. नुसती खुर्ची फिरवून निकाल उलटला.

दुपारी किनाऱ्याजवळ सुरूच्या सावलीत. फांद्यांमधून आकाशाचे तुकडे दिसत होते, ते चकचकीत काचेवर कवडशांसारखे नाचत होते. टॅब हलवत हलवत झाडाचं गडद खोड प्रतिबिंबात आणलं की तेवढ्यापुरतं पान वाचता यायचं. वारा आला की पुन्हा शोधाशोध. मॅटवर ते कवडसे विरघळून एक सलग फिकट पडदा झाला होता. रंग फिके, पण कोन शोधत बसावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र खटकली. मॅटवर अनुस्वार आणि रफार चाचपडायला लागत होते. देवनागरीत शिरोरेघेवरचा एक ठिपका अर्थ बदलतो. इंग्रजी मजकुरात मॅटचा हा धूसरपणा कदाचित जाणवणारही नाही, पण झेरॉक्सच्या स्कॅनमध्ये आधीच अर्धमेला झालेला अनुस्वार मॅटखाली पूर्ण बुडतो. पान थोडं झूम केलं की प्रश्न सुटतो, पण मग सतत सरकवत बसा.

चार वाजता उघड्यावर, समुद्राकडे पाठ करून. ऊन खांद्यावरून थेट स्क्रीनवर. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मॅट स्क्रीन उन्हात जिंकेल असं वाटतं ना? ती हरली. थेट ऊन पडलं की मॅट पृष्ठभाग ते सगळीकडे पसरवतो आणि अख्खी स्क्रीन ताक ओतल्यासारखी पांढरट होते. टॅब कुठेही वळवा, ताक तसंच. चकचकीत काचेत सूर्याचा गोळा दिसत होता, तो डोळे दिपवणाराच, पण टॅब थोडा कलता केला की गोळा बाजूला जायचा आणि उरलेलं पान जेमतेम का होईना वाचता यायचं. मग प्रतिबिंबात काय उरलं? माझा पांढरा टी-शर्ट. उन्हातला पांढरा कपडा हा दुसरा दिवाच असतो. गडद रंगाचा शर्ट घातला तर स्क्रीन खरोखर जास्त स्वच्छ दिसते, करून बघा. याला पैसेही पडत नाहीत.

समुद्राकडे तोंड केल्यावर दोन्ही टॅब सारखेच हरले. स्क्रीनवर काही पडत नव्हतं, पण मागचं पाणी इतकं चमकत होतं की डोळे त्या उजेडाला सरावले आणि ४०० निट्सची स्क्रीन काळवंडल्यासारखी झाली. यावर कुठल्याच कंपनीकडे काच नाही. तोंड फिरवून बसा.

रात्री जेवणानंतर ट्यूबखाली मॅटने बाजी मारली, आणि तीही मोठ्या फरकाने. चकचकीत स्क्रीनवर पानाच्या मधोमध ट्यूबची पांढरी रेघ. ट्यूब स्वतः हजारो निट्सची असते, तिचे ४ टक्के स्क्रीनच्या पांढऱ्याशी टक्कर घेतात. मॅटवर रेघ नाही, नुसती मंद उजळी. दोन तास वाचलं तरी मान वाकडी करावी लागली नाही. शेवटी दिवा मालवून एक वेब सिरीज लावली. आता चकचकीत टॅबवरचा काळा हा काळा होता, रंग भरलेले होते. मॅटवर पांढऱ्या भागात बारीक साखर सांडल्यासारखी चकाकी दिसत होती. हिला ‘स्पार्कल’ म्हणतात. गार्डवरचे चढउतार आणि स्क्रीनचे बारीक पिक्सेल यांची आपसात जुळणी झाली नाही की ती दिसते. स्वस्त गार्डवर जास्त.

तिसरा पर्याय, जो कुणी नीट सांगत नाही

आतापर्यंत आपण उजेड मोडण्याबद्दल बोललो. तो कमीही करता येतो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्मा तिरका धरून बघा, हिरवट-जांभळी झाक दिसेल. कॅमेऱ्याच्या लेन्सवरही दिसते. तो ‘अँटी-रिफ्लेक्टिव्ह’ लेप. सायन्सवाल्यांना थिन फिल्म इंटरफेरन्स आठवत असेल. लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव ठेवली, की लेपाच्या वरून परतणारी लाट आणि खालून परतणारी लाट एकमेकींना खोडतात. परतीचा उजेड घटतो. १९३५ मध्ये जर्मनीत झाईस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने लेन्ससाठी हा लेप बनवला. १९३८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी काचेवर एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवून जवळजवळ ‘अदृश्य’ काच तयार केली. या बाई १९२६ मध्ये केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या महिला. त्यांचा लेप मऊ होता, पुसला की निघायचा. टिकाऊ लेप पुढे आले. तुमच्या टॅबवर जो असतो तो त्याच घराण्यातला.

‘अँटी-ग्लेअर’ आणि ‘अँटी-रिफ्लेक्टिव्ह’ हे शब्द दुकानात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पहिला म्हणजे खरखरीत, मोडणारा. दुसरा म्हणजे गुळगुळीतच, पण कमी करणारा. ॲपल आपल्या आयपॅड एअरसाठी १.८ टक्के परावर्तन सांगतं, म्हणजे साध्या काचेच्या निम्म्याहून कमी. साध्या, स्वस्त आयपॅडवर हा लेप नसतो. शिवाय त्यात काच आणि डिस्प्लेच्या मध्ये हवेची फट असते, त्यामुळे उजेड परत फिरवणारे पृष्ठभाग वाढतात. माहितीपत्रकात ‘फुल्ली लॅमिनेटेड’ हा शब्द शोधा. तो नसेल तर फट आहे असं समजा. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० अल्ट्रावर असा लेप दिला, पण त्या किमतीत आपल्याकडे सेकंडहँड बाइक येते.

कंपनीतूनच मॅट होऊन येणारी काचही आहे. ॲपलने २०१९ मध्ये आपल्या महागड्या मॉनिटरवर ‘नॅनो-टेक्स्चर’ काच आणली आणि २०२४ मध्ये ती आयपॅड प्रोवर दिली, पण फक्त १ आणि २ टीबीच्या मॉडेलांवर. म्हणजे ती आपल्यासाठी नाही, विषय संपला. शाओमीने जानेवारी २०२५ मध्ये ‘पॅड ७’ भारतात आणला तेव्हा त्याची नॅनो टेक्स्चर आवृत्ती ३२,९९९ रुपयांना होती आणि तेवढ्याच रॅम-स्टोरेजची साधी आवृत्ती ३०,९९९ रुपयांना. दोन हजारांचा फरक. माझं मत विचाराल तर हे दोन हजार वसूल होऊ शकतात, कारण कोरलेल्या काचेचा पोत फिल्मपेक्षा बारीक असतो आणि साखर कमी दिसते. पण ती काढता येत नाही, हे आधी लक्षात घ्या. सिनेमे बघणं हा तुमचा मुख्य ‘अभ्यास’ असेल तर पस्तावाल. आणि अशी काच तुम्ही नुसत्या बोटाने किंवा ओढणीने पुसणारे असाल, तरीही पस्तावाल.

गार्ड लावायचा तर

बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग मला हाच दिसतो. चकचकीत, जमेल तेवढा जास्त निट्सवाला टॅब घ्यावा आणि गरज वाटली तर काही शे रुपयांचा मॅट गार्ड लावावा. नाही आवडला तर काढता येतो. पण तुमच्या टॅबवर आधीच अँटी-रिफ्लेक्टिव्ह लेप असेल तर थांबा. वर साधा गार्ड चिकटवला की सगळ्यात बाहेरचा पृष्ठभाग गार्डचा होतो आणि ज्या लेपाचे पैसे भरले तो खाली दबून बसतो.

गार्ड निवडायची एक सोपी परीक्षा आहे. दुकानदाराकडून फिल्म मागा आणि ती वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींवर टेकवा. अक्षरं स्पष्ट दिसतील. आता फिल्म कणभर वर उचला, दोन-तीन मिलिमीटर. लगेच अक्षरांचं धुकं झालं तर पोत भरड आहे. हळूहळू धूसर होत गेलं तर बरी आहे. जुळी जोडाक्षरं बघा, अनुस्वार बघा. टॅबमध्येही पिक्सेल आणि फिल्मच्या मध्ये काचेची जाडी असतेच, म्हणजे ही परीक्षा अगदी खऱ्यासारखी होते. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.

लावताना पंखा बंद. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको, हवेत बारीक वाळू आणि खार असतेच. पुसतानाही आधी फुंकर किंवा मऊ ब्रश, मग किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड. कोरडं कापड रगडलं तर वाळूचा कण काचेवर रेघ ओढतो. मॅटवर ठसे कमी दिसतात हे खरं, पण केसांच्या तेलाचा हात लागला की तेल त्या बारीक खड्ड्यांत भरतं आणि तेवढाच ठिपका चकचकीत होतो. सहा महिन्यांनी जिथे अंगठा टेकतो तिथे गार्ड कायमचा ग्लॉसी झालेला दिसला तर नवल नको. तेव्हा तो बदलायचा, घासत बसायचं नाही.

चित्रं काढणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आपल्या जिल्ह्यात वारली शिकलेली, आता टॅबवर वारली करून विकणारी पोरं आहेत. गुळगुळीत काचेवर स्टायलसची निब घसरते, वर्तुळ पूर्ण करताना हात सुटतो. मॅट गार्डवर कागदासारखी पकड येते आणि रेघ हवी तिथे थांबते. मुळात वारली हे मॅटवरचंच चित्र. सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची रेघ. घरात कुठूनही बघा, ती चमकत नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी ती रेघ कागदावर, कापडावर नेली, तेही पृष्ठभाग मॅटच. पण दोन गोष्टी सांभाळा. खरखरीत गार्ड स्टायलसची निब लवकर झिजवतो, आणि निब फुकट येत नाही. दुसरं, मॅटखाली गेरूचा गडद तांबडा प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. तुम्ही तो आणखी गडद करता आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चित्र काळपट जातं. प्रिंटला देण्याआधी ते एकदा गार्ड नसलेल्या स्क्रीनवर बघून घ्या.

डोळ्यांचं काय, हा प्रश्न घरचे विचारणारच. चमकेने डोळा खराब होत नाही, थकतो. डोळे बारीक करून, मान वाकडी करून वाचल्याने कपाळ आणि खांदे दुखतात. स्क्रीनकडे बघताना आपल्या पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, आणि त्यावर मॅट किंवा ग्लॉसी काहीच उपाय करत नाही. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद सहा मीटर लांब बघायचं, एवढा साधा नियम आहे. खोक्यावर ‘आय केअर’ लिहिलेलं असतं ते बहुधा निळ्या प्रकाशाबद्दल, चमकेबद्दल नाही. तेवढं वाचून दोन हजार जास्त मोजू नका.

दुकानात गेल्यावर डेमो टॅबची स्क्रीन बंद करायला सांगा. पालघर-बोईसरच्या मोबाइल दुकानांत छताला इतके दिवे असतात की यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. काळ्या पडलेल्या काचेत दिव्यांच्या कडा धारदार दिसल्या तर ग्लॉसी. कडा धारदार पण दिवे मंद आणि हिरवट-जांभळे दिसले तर वर लेप आहे. कडा विरघळल्या तर मॅट. मग स्क्रीन चालू करा, ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. डेमोवर तो नेहमी पूर्ण ठेवलेला असतो, घरी बॅटरीच्या काळजीने तुम्ही तसा ठेवणार नाही. आपल्याच फोनमधली एखादी मराठी स्कॅन पीडीएफ त्यावर उघडून बघा. जमलं तर टॅब घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत या. सोडतील की नाही ते तुमच्या बोलण्यावर.

आणि लोकलचं सांगायचं राहिलं. सफाळ्याहून सकाळी विरारकडे जाणाऱ्यांनी गाडीच्या दिशेने तोंड केल्यावर उजव्या हाताची खिडकी पकडावी, सूर्य तेव्हा डावीकडे पूर्वेला असतो. संध्याकाळी परतताना गाडी उत्तरेला वळलेली आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीकडेच. तेव्हा जाता-येता उजवी. पालघर-बोईसरच्या कॉलेजला जाणाऱ्यांचं नेमकं उलटं, जाता-येता डावी. सीट मिळाली तर.